अंतर आधी ठरवणारा कॅमेरा

मॅन्युअल फोकस बरा की ऑटोफोकस, हा विषय फिल्म कॅमेरे वापरणाऱ्यांत निघाला की बोलणं लगेच वेगावर आणि लेन्सच्या दर्जावर येतं. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. समोर काय घडणार आहे, हे फोटो काढणाऱ्याला आधीपासून माहीत आहे का?

जालना जिल्ह्यातल्या एखाद्या गावचा पोळा घ्या. शिंगं रंगवलेले, झुली पांघरलेले बैल वेशीपाशी जमतात. मानाची जोडी पुढे असते. तोरण तुटलं की जनावरं एकदम सुटतात. हलग्यांचा आवाज, धूळ, कासरे ओढणारी माणसं, सगळा काही क्षणांचा मामला. पण तोरण कुठे बांधलंय आणि मानाची जोडी कोणत्या अंगाने येणार, हे गावच्या माणसाला दुपारीच ठाऊक असतं. त्याच्याकडे जुना यशिका एफएक्स-३ किंवा पेंटॅक्स के१००० असेल, तर तो ४०० आयएसओचा रोल भरतो, ३५ मिमीची लेन्स लावतो, अॅपर्चर एफ/८ वर आणि अंतराची रिंग ५ मीटरवर ठेवतो. आता साधारण अडीच मीटरपासून पार क्षितिजापर्यंत चित्र स्पष्ट येणार. बैल सुटल्यावर त्याला फोकस जुळवायचाच नसतो. तोरणाखाली कोण कुठे आहे, एवढंच बघायचं आणि बटण दाबायचं. तिथे कोणताही ऑटोफोकस त्याला मागे टाकू शकत नाही, कारण त्याचं ते काम आधीच उरकलेलं असतं.

१९८५ साली मिनोल्टा ७००० आला आणि ऑटोफोकसची यंत्रणा एसएलआरच्या बॉडीतच बसली. दोनच वर्षांत कॅननने आपला एफडी माउंट सोडून ईओएस मालिका काढली. सुरुवातीच्या या यंत्रणेचा सेन्सर चौकटीच्या मध्यावर असे आणि त्याला उजेड-सावलीतला ठळक फरक लागे. वधू-वर शेजारी उभे राहिले की मध्यबिंदू नेमका दोघांमधल्या फटीत जाई; चेहरे पुसट आणि मागचा पडदा लख्ख. चुना दिलेल्या कोऱ्या भिंतीवर तर लेन्स नुसती मागेपुढे होत राही. पुढे हे दोष बरेच कमी झाले. १९९६च्या निकॉन एफ५ला पाच फोकसबिंदू होते आणि तो हलत्या माणसाचा मागही घेई.

जिथे अंदाजच बांधता येत नाही, तिथे ऑटोफोकसच योग्य. जत्रेतल्या कुस्तीत पुढचा डाव पैलवानालाही आधी ठरवता येत नाही. लग्नाच्या गर्दीत कोण कधी समोर येईल, सांगता येत नाही. मंद उजेडात कमी प्रकाश घेणारी लेन्स असली, की मॅन्युअल कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधल्या, फोकस जुळवण्यासाठीच्या दुभंगलेल्या वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडतो. नजर कमी झालेल्याला तर ते फारच जड जातं. ज्याचं पोट या कामावर चालतं, त्याने ऑटोफोकस घेतला तर त्यात कमीपणा काहीच नाही.

तरीही मी जुन्या कॅमेऱ्याच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण जालन्यासारख्या जिल्ह्याशी जोडलेलं आहे. २०१२-१३च्या दुष्काळात इथे बाहेरून अनेक कॅमेरे आले. कोरडे तलाव आणि टँकरपुढच्या घागरी त्यांनी जगाला दाखवल्या. ते गरजेचंच होतं. पण मोसंबीची तोड, आठवडी बाजार, जांब समर्थची रामनवमी, हे या जिल्ह्याचं नेहमीचं जगणं टिपायला इथलाच माणूस हवा. कोणती गोष्ट कधी आणि कुठे होते, याचं ज्ञान त्याच्याकडे आयतं असतं. मॅन्युअल फोकस त्याला ते ज्ञान वापरायला लावतो: आधी जागा निवड, अंतर ठरव, मग थांब. अंदाज चुकला तर रोल धुऊन आल्यावर ते निगेटिव्हवर स्पष्ट दिसतं, आणि पुढच्या वर्षी पावलं बरोबर जागी पडतात.

म्हणून आपल्या गावाचे फोटो काढायला निघालेल्या तरुणाला मी आधी मॅन्युअल कॅमेराच घ्यायला सांगेन. ऑटोफोकस त्याने नंतर जरूर घ्यावा. तोवर कुठे उभं राहायचं हे त्याला पक्कं कळलेलं असेल, आणि ते कोणतंही यंत्र त्याच्यासाठी ठरवू शकत नाही.