शंकासमाधान : नैऋत्येचे बावखल आणि श्रावणातला गृहप्रवेश

शंका : आमचे आगाशीच्या वाडीतले कौलारू घर वाळवीने पोखरले होते. दोन वर्षांपूर्वी ते पाडून त्याच जागी स्लॅबचे घर बांधले. बांधकाम चालू असेपर्यंत विरारला भाड्याने राहिलो. आता आषाढात घर तयार झाले आहे, पण गुरुजी म्हणतात, चातुर्मास लागला, माघापर्यंत मुहूर्त नाही. शिवाय वडील गेल्या चैत्रात वारले, म्हणून वर्षभर मंगलकार्य नको. अगदीच घाई असेल तर मोठी शांत करावी लागेल, तिचा खर्च वेगळा. मुलाच्या ओळखीचे एक वास्तुतज्ज्ञ पाहून गेले. घरामागचे बावखल, म्हणजे पावसाचे पाणी साठवणारा जुना खोल खड्डा, नैऋत्येला येते, ते बुजवल्याशिवाय राहायला जाऊ नका, असे ते सांगतात. भाडे आणि कर्जाचा हप्ता दोन्ही चालू आहे. आई रोज विचारते, आपल्या घरी कधी जायचे? काय करावे? (एक वाचक, आगाशी)

समाधान : श्रावणात जावे. बावखल बुजवू नये. मोठी शांत करू नये. आता कारणे सांगतो.

गृहप्रवेशाचा मुहूर्त पाहणारे बहुतेक सगळे शेवटी ज्या ग्रंथावर भिस्त ठेवतात तो ‘मुहूर्तचिंतामणी’. राम दैवज्ञांनी तो शके १५२२ मध्ये, म्हणजे इसवी सन १६०० मध्ये, काशीत लिहिला. या विषयात मी त्याच्या पलीकडे फारसा जात नाही, कारण हा गृहस्थ नियम सांगतो आणि लगेच अडचणीत सापडलेल्या माणसाची वाटही सांगतो. त्याच्या गृहप्रवेश प्रकरणात नव्या घरासाठी माघ, फाल्गुन, वैशाख आणि ज्येष्ठ हे महिने दिले आहेत. तुमच्या गुरुजींनी इथपर्यंत वाचलेले दिसते. त्यांनी पुढचा श्लोक वाचायला हवा होता. जुन्या घरात शिरताना, किंवा आग वगैरे भयामुळे गेलेल्या घराच्या जागी नवे बांधून त्यात शिरताना श्रावण, कार्तिक आणि मार्गशीर्षही चांगले, असे त्यात स्पष्ट आहे. शततारका, पुष्य, स्वाती आणि धनिष्ठा ही नक्षत्रे अशा प्रवेशाला चालतात आणि गुरुशुक्रांच्या अस्ताचा विचार अशा वेळी आवश्यक नाही, हेही तिथेच सांगितले आहे.

वाळवी म्हणजे आग नव्हे, असे कोणी म्हणेल. पण ‘वगैरे’ हा शब्द ग्रंथकाराने उगाच घातलेला नाही. वासे पोकळ झाले, कौले डोक्यावर यायला लागली, तेव्हा तुम्ही हौसेने घर पाडले नाहीत, भयानेच पाडलेत. पुन्हा जागा तीच, कुळाचे देव तेच. अशा प्रवेशाला परंपरेत ‘द्वंद्व’ प्रवेश म्हणतात आणि अगदी नव्या जागेतल्या ‘अपूर्व’ प्रवेशापेक्षा त्याचे नियम सैल आहेत. तेव्हा श्रावणातला या चारपैकी एका नक्षत्राचा दिवस पंचांगात पाहा. तुमच्यासाठी माघापर्यंत थांबण्याचे कारण उरत नाही.

वडिलांचे. सपिंडीकरण बाराव्या दिवशी झाले असणार. वास्तुशांतीत नांदीश्राद्ध येते आणि वर्षातली मासिक श्राद्धे उरलेली असताना ते कसे करावे, ही तुमच्या गुरुजींची खरी अडचण असेल तर ती रास्त आहे. पण तिचा मार्गही जुनाच आहे. वृद्धीचा प्रसंग आला की उरलेली मासिके आधी करून घेता येतात. याला अपकर्ष म्हणतात. पौरोहित्य शिकलेल्या कोणालाही हे ठाऊक असते. एका सकाळचे काम आहे. ज्या बापाने घर बांधायला काढले, त्याच्या नावाने त्याच्याच बायकोला भाड्याच्या खोलीत सात महिने बसवून ठेवणे कोणत्या धर्मात बसते, हे मला तरी माहीत नाही.

राहिली ‘मोठी शांत’. चातुर्मासात मुहूर्तच नाही असे आधी म्हणायचे आणि मग जास्त पैसे दिले तर आहे असे म्हणायचे, यातले पहिले खरे असेल तर दुसरे खोटे आणि दुसरे खरे असेल तर पहिले खोटे. गुरुजींना हा प्रश्न नम्रपणे विचारा. दक्षिणेला माझा विरोध नाही. पहाटेची लोकल पकडून, सामानाची पिशवी सांभाळत, चार तास जमिनीवर बसून नीट मंत्र म्हणणाऱ्या माणसाला भरघोस द्यावे, घासाघीस करू नये. पण हल्ली वास्तुशांतीचे छापील दरपत्रक हातात पडते. साधी, मध्यम आणि विशेष. विशेषमध्ये नवग्रह, उदकशांत, अमुक हजार जप आणि तो जप ‘आमच्याकडे आम्ही करून ठेवू’. यजमानाने न पाहिलेल्या, न ऐकलेल्या जपाचे पैसे यजमानाने मोजायचे. भीती घालून घेतलेल्या पैशाला दक्षिणा म्हणू नये. तुमच्या शेजारच्या ख्रिस्ती वाडीत नवे घर झाले की फादर येतात, प्रार्थना करून खोल्यांतून पवित्र पाणी शिंपडतात, मग शेजारीपाजारी पंगतीला बसतात. त्यांच्या दारात चातुर्मास आडवा येत नाही आणि त्यांची घरे आपल्या घरांइतकीच उभी आहेत. वसईत राहणाऱ्या हिंदूने हे रोज पाहूनही घाबरावे, याचे मला नवल वाटते.

आता बावखल. तुमच्या पत्रातला हा मजकूर वाचून मी खरोखर चिडलो, म्हणून जरा जास्त लिहितो.

प्रामाणिकपणे आधी तज्ज्ञांच्या बाजूचे सांगतो. ज्या मुहूर्तचिंतामणीचा आधार मी वर घेतला, त्याच ग्रंथाच्या वास्तू प्रकरणात नैऋत्येच्या विहिरीचे फळ वाईट दिले आहे, आणि साधे वाईट नाही, मृत्यूच. तुम्ही तो श्लोक कोणाकडून ऐकून दचकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. पण ते सांगणे नवी विहीर कुठे खणावी याबद्दलचे आहे. आजोबा-पणजोबांनी खणलेले, पिढ्यान्‌पिढ्या वाडी शिंपलेले पाणी मातीने बुजवा, असे त्यात कुठेही नाही. उलट विहिरी, तळी, बागा करणे हा आपल्याकडे पूर्तधर्म मानला आहे. यज्ञाच्या जोडीने त्याचे नाव घेतले जाते, ‘इष्टापूर्त’ म्हणून. निर्मळचा तलाव बघा, तुमच्या आगाशीतले भवानीशंकराजवळचे तळे बघा. पाण्याशेजारी देव बसवणारी ही भूमी आहे. परशुरामापासूनच्या कथा इथल्या पाण्याशी जोडलेल्या आहेत.

आगाशी, निर्मळ, वाघोली, गास, भुईगाव या पट्ट्यात समुद्र हाकेच्या अंतरावर. तरीही इथे केळी झाल्या, पानवेली झाल्या, फुले मुंबईच्या बाजारात गेली, ती या बावखलांच्या जिवावर. पावसाचे गोडे पाणी या खोल खड्ड्यांत साठायचे, जमिनीत मुरायचे आणि खाऱ्या पाण्याला मागे रेटून धरायचे. रहाट गेले, पंप आले, मग बावखलात राडारोडा पडू लागला, मग तिथे इमारत उभी राहिली. आणि मग आसपासच्या विहिरींचे पाणी मचूळ झाले म्हणून आपण टँकर मागवतो. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसचे दिवस पाण्याखाली होते आणि नालासोपाऱ्यात रूळ बुडून गाड्या थांबल्या होत्या, ते आठवत असेलच. पाण्याला बसायला जागा ठेवली नाही की ते आपल्या घरात येऊन बसते. नैऋत्येचे बावखल बुजवल्यावर पुढच्या आषाढात तेच पाणी तुमच्या ओटीवर चढेल, तेव्हा त्याची दिशा कोणती हे त्या वास्तुतज्ज्ञांना विचारा.

आणखी एक गोष्ट त्यांना माहीत नसावी. वास्तुशांतीत वास्तुपुरुषाची छोटी धातूची प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात पालथी पुरतात. त्यासाठी गवंडी तिथली एक लादी बसवायची ठेवतो. त्या खड्ड्यात सप्तधान्य, दही, फुले घालतात आणि शेवाळही लागते. शहरातल्या लोकांना हे शेवाळ मिळवताना नाकी नऊ येतात. कोणी मत्स्यालयाच्या दुकानातून आणतो, कोणी टाकीच्या कडेचे खरवडतो. तुम्हाला मागच्या दारातून चार पावले टाकली की ओंजळभर ताजे मिळेल. ज्या पाण्यातली हिरवी वस्तू वास्तुपुरुषाला चालते, ते पाणी त्याला कसे चालणार नाही? बावखल उपसून साफ करा, काठाला दगड लावा, लहान मुलांसाठी कठडा घाला. इतका दोष दूर करणे तुमच्या हातात आहे आणि तो दोष खरा आहे.

विधीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी दोन शब्द. अंगणातून सूत्रवेष्टन करा, म्हणजे घराभोवती सूत गुंडाळा, देव आणि कलश घेऊन आईला पुढे करून आत जा. मंगल प्रसंगी विधवेने पुढे होऊ नये असे कोणी कुजबुजले तर त्याला जेवण वाढून परत पाठवा. चुलीवर दूध उतू जाऊ द्या. आणि ज्यांनी स्लॅब टाकला, लाद्या घासल्या, प्लंबिंग केले, त्या सगळ्यांना जेवायला बोलवा. छत नाही, दारे नाहीत, बली दिला नाही, अन्न वाढले नाही, अशा घरात शिरू नये, हे वचन पुरोहितांना पाठ असते. त्यातले अन्न फक्त पाटावर बसलेल्यांचे, असा अर्थ आपणच सोयीने करून ठेवला आहे. स्लॅबच्या दिवशी त्यांना जेवण दिले असेलच. पण तेव्हा ते वाळूच्या ढिगावर बसून जेवले असतील. आता घरात बसवून वाढा.

शंका : नालासोपारा पूर्वेला नव्या इमारतीत फ्लॅट घेतला आहे. ओसी अजून आलेली नाही, पण ‘येईल, तुम्ही मुहूर्त गाठा’ असे बिल्डर म्हणतो. गुरुजींनी उत्तम मुहूर्त काढून दिला आहे. चावी घेऊन वास्तुशांत करावी का?

समाधान : नाही.

वरच्या उत्तरात ज्या वचनाचा उल्लेख केला, त्यातली ‘छत आणि दारे’ म्हणजे घर राहण्याजोगे झाल्याची खूण. जुन्या काळी ते डोळ्यांनी दिसत होते. सहा मजली इमारतीचे पोलाद, सिमेंट, जमिनीचा सातबारा आणि आरक्षण तुम्हाआम्हाला डोळ्यांनी दिसत नाही. ते पाहून कोणीतरी जबाबदारीने सही करतो, त्या कागदाला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजेच ओसी, म्हणतात. तो हातात नसताना केलेला प्रवेश मी शास्त्रालाही धरून मानत नाही.

हे तुमच्या गावात तरी कोणाला पटवून द्यावे लागू नये. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या सुरुवातीपर्यंत जमीनदोस्त झाल्या. जागा सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती. त्या घरांतही कलश पुजले गेले असतील, उंबऱ्यावर हळदीकुंकू लागले असेल. विरार पूर्वेची रमाबाई अपार्टमेंट ही बेकायदा इमारत ऑगस्ट २०२५ मध्ये, गणेश चतुर्थीच्या आदल्या मध्यरात्री कोसळली आणि १७ माणसे गेली. घरोघर मखरे सजत होती, त्या रात्री. यात कोणाच्या दिशा चुकल्या होत्या?

तेव्हा गुरुजींचा मुहूर्त राहू द्या. प्रकल्प महारेराच्या संकेतस्थळावर नोंदलेला आहे का ते पाहा. बांधकाम परवानगीची प्रत बिल्डरकडून मागा, पण तीवर विसंबू नका. बनावट परवानग्यांवर उभारलेल्या इमारती विरारमध्येच उघडकीला आलेल्या आहेत. प्रत घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि क्रमांक ताडून घ्या. हेलपाटे पडतील. साहेब जाग्यावर नसतील. तरीही जा. बिल्डर उडवाउडवी करू लागला, तर वकील गाठा आणि पुढचा हप्ता देण्याआधी त्याच्याशी बोला. घराच्या मुहूर्तासाठी गुरुजींना तीनदा फोन करणारी माणसे या एका कागदासाठी एकदाही विचारत नाहीत, हे मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. आणि गुरुजींनाही माझे सांगणे आहे : यजमानाला जन्मनक्षत्र विचारता तसे भोगवटा प्रमाणपत्रही विचारत चला. नसेल तर सुपारी घेऊ नका.

शंका : माघात वास्तुशांत केली, पण मुलांची परीक्षा असल्याने राहायला मे महिन्यात जाणार आहोत. मधे घर बंद राहिल्याने पुन्हा उदकशांत करावी लागेल, असे सांगतात. खरे का? (एक वाचक, वसई)

समाधान : खरे नाही. विधीच्या रात्री घरात दिवा ठेवून कोणीतरी झोपला असेल तर उत्तमच. नसेल तरी केलेला विधी शिळा होत नाही. शक्य असेल तर रविवारी जाऊन झाडलोट करा, देवापाशी दिवा लावा आणि दारेखिडक्या दुपारभर उघड्या टाका. खाऱ्या हवेत बंद घराची कुलपे आणि बिजागऱ्या धरतात, त्यांना तेल सोडा. मे महिन्यात सामान हलवायचा दिवस पंचांगात शोधत बसू नका. टेम्पोवाला ज्या दिवशी मोकळा असेल तो धरा, आणि पाण्याची टाकी आदल्या दिवशी धुऊन भरून ठेवा.