मनाची रोजकीर्द

।। श्री गुरुदेव दत्त ।।



दत्तजयंतीच्या अंकासाठी मंडळी दरवर्षी माझ्याकडून चार पानं लिहून घेतात. गुरुवारी आरतीनंतर जे बोलता तेच कागदावर उतरवा, म्हणतात. यंदा मात्र आरतीनंतर कधीच बोललो नाही असं काही लिहितो आहे. समोर आपली माणसं बसलेली असताना ते सांगायला जीभ रेटली नसती. कागदाला सांगता येतं. आणि यंदाचा विषयही तोच आहे, कागदाला सांगणं.

मी काटेवाडीचा. घरची शेती आहे, आणि चौतीस वर्षं एका सोसायटीत हिशेब लिहिले. रोजकीर्द आणि खतावणी यांत केस पांढरे झाले. म्हणून नाथमहाराजांची एक कथा मला जरा जास्त जवळची वाटते.

ती कथा आपण सगळ्यांनी कीर्तनात ऐकली आहे. पैठणचा एकनाथ लहान वयात देवगिरीला जनार्दनस्वामींकडे आला. स्वामी किल्ल्याचे अधिकारी आणि थोर दत्तभक्त. दर गुरुवारी किल्ल्यावर कामाला सुट्टी असे, असं परंपरा सांगते. स्वामींनी या मुलाला हिशेबाच्या कामाला बसवलं. एके दिवशी एका पैचा मेळ लागेना. रात्र झाली, सगळे झोपले, हा पोर दिव्यापुढे कागद पसरून बसला. पहाटे कधीतरी चूक सापडली आणि आनंदाने त्यानं टाळी वाजवली. स्वामींनी विचारलं, काय झालं? एका पैची चूक सापडली, म्हणाला. तेव्हा स्वामी म्हणाले की एका पैच्या चुकीचा एवढा आनंद, तर या संसाराची चूक सापडली तर केवढा होईल!

कीर्तनकार इथं थेट परमार्थात शिरतात आणि ते बरोबरच आहे. पण मी पडलो हिशेबनीस. माझं मन त्या रात्रीतच अडकून बसतं. नाथांनी रात्रभर केलं काय? दुसऱ्या कुणाला उठवून विचारलं नाही. रयतेनं पैसे कमी भरले असतील, असं म्हणून वही मिटली नाही. आपल्याच हातचं अक्षर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मेळ बसत नसला की कारकून आधी स्वतःची लेखणी तपासतो, हे या धंद्यातलं पहिलं ज्ञान आहे. घरात मेळ बसत नसला की आपण नेमकं उलटं करतो.

आता हिशेब तपासायच्या दोन जुन्या युक्त्या सांगतो, पुढं लागतील. फरक निघाला आणि त्याला नवानं भाग गेला, तर बहुतेक वेळा आकडे उलटे पडलेले असतात. ५४ च्या जागी ४५ लिहिलेले असतात. दुसरी युक्ती अशी की फरक निम्मा करायचा आणि तेवढी रक्कम वहीत शोधायची. कारण जमेची रक्कम चुकून नावे पडली, तर फरक दुप्पट येतो. पन्नासाची एक नोंद चुकीच्या बाजूला गेली की शंभराचा घोळ होतो. नवीन पोरांना मी हे शिकवायचो. ते माझ्या घरालाही लागू आहे, हे कळायला फार वर्षं गेली.

मला रोज रात्री वही लिहायची सवय तरुणपणापासून आहे. डायरी म्हणा. दिवसभर दुसऱ्यांच्या रकमा लिहिल्या की रात्री दोन ओळी आपल्या लिहायच्या. पाऊस किती झाला, उसाला खत कधी टाकलं, कोण आलं, कोण गेलं. पुढं तीत दादा शिरले.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. आमची जमीन वाटून झालेली, पण चारी एकच. नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं की आधी त्यांची पाळी, मग माझी. ज्यांनी उन्हाळी आवर्तनात रात्री दारं धरली आहेत, त्यांना जास्त सांगायला नको. एका वैशाखात दादांनी त्यांची पाळी संपल्यावरही पाणी सोडलं नाही. माझा ऊस टोकाला वाळला. सकाळी मी चारचौघांत त्यांना नाही नाही ते बोललो. वडिलांच्या जागी असलेल्या माणसाला. त्या दिवसापासून अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. लग्नकार्यात एका पंगतीत बसलो, पण पाठीला पाठ लावून.

त्या अकरा वर्षांत माझी वही भरत राहिली. दादांनी अमक्यापुढं असं म्हटलं, बांधावरची बाभळ न विचारता तोडली, माझ्या पोराच्या साखरपुड्याला उशिरा आले. लिहिलं की हलकं वाटायचं. मला वाटायचं, मी मोठा विचारी माणूस. मनातलं कागदावर काढतो, कुणाशी भांडत नाही. पत्नी एकदा म्हणाली, "तुम्ही लिहून उठता तेव्हा तुमचं तोंड बघा आरशात." मी काही बघितलं नाही.

मग एका मार्गशीर्षात गुरुचरित्राचा सप्ताह धरला. सप्ताहाचे नियम आपल्याला माहीत आहेत. एकभुक्त राहायचं, कमी बोलायचं, खाली चटईवर निजायचं. कमी बोलणं फार अवघड, कारण बाहेरचं बोलणं थांबलं की आतलं सुरू होतं. चौथ्या की पाचव्या रात्री झोप येईना. म्हणून कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या आणि दिव्याखाली वाचत बसलो. कारकुनाची सवय, वाचता वाचता समासात टिंबं देत गेलो. दादांची चूक, एक टिंब. दादांची चूक, एक टिंब. पहाटेपर्यंत समास काळे झाले. माझ्या स्वतःच्या चुकीचं टिंब अकरा वर्षांत एकही नव्हतं.

भक्तहो, सोसायटीत असली वही तपासायला आली असती तर मी ती त्याच क्षणी परत केली असती. ज्या किर्दीत एकाच बाजूला नोंदी आहेत, तिला किर्द म्हणत नाहीत.

मग मला ती निम्मं करायची युक्ती आठवली. शोधू लागलो, आणि सापडली. त्या भांडणाच्या आदल्या उन्हाळ्यातली ती रात्र होती. पाळी दादांची होती. ते बांधावर घोंगडी टाकून निजले होते, बॅटरी उशाला. माझी लागण नवी होती आणि कडेनं करपत चालली होती. मी फावड्यानं चारी फोडली, दोन तास पाणी माझ्या रानात घेतलं, आणि पुन्हा माती ओढून तोंड बुजवलं. घरी आलो. त्या तारखेच्या पानावर लिहिलं होतं की आज उसाला पाणी झालं. एवढंच. पाणी कुणाचं, हे लिहिलंच नव्हतं. माझ्या नावे पडायची रक्कम मी वगळली, आणि पुढच्या साली दादांनी तेच केलं तेव्हा सगळीच त्यांच्या नावे टाकली. घोळ दुप्पट झाला तो असा.

इथं मला अवधूतांची आठवण होते. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजानं एका अवधूताला विचारलं की तू एवढा आनंदी कसा? तेव्हा त्यानं आपले चोवीस गुरू सांगितले. परंपरेनं आपण त्या अवधूताला दत्तप्रभूच मानतो, आणि नाथमहाराजांनी आपल्या भागवतात या भागावर भरभरून लिहिलं आहे; तो ग्रंथ त्यांनी १५७३ साली काशीत पूर्ण केला. पृथ्वी, वारा, कबुतर, अजगर, मधमाशी, कोळी अशी ती यादी आहे. या यादीकडे हिशेबनिसाच्या नजरेनं बघा. प्रत्येक नोंदीत दोन बाजू आहेत, मी काय पाहिलं आणि मी काय घेतलं. कबुतराला नावं ठेवून अवधूत थांबत नाहीत. त्याच्यावरून स्वतःकडे येतात.

त्या चोवीसांत पिंगला नावाची गणिका आहे. ती मला सगळ्यांत थोर वाटते, कुणी काहीही म्हणो. धनवान कुणी येईल म्हणून ती दारात उभी राहते. आत जाते, पुन्हा बाहेर येते. मध्यरात्र होते, कुणी येत नाही. आता तिला चिडायला भरपूर जागा होती. पण ती आलेल्या-न आलेल्या पुरुषांना शिव्या देत बसली नाही. मी कशाची वाट बघत जन्म घालवला, हे तिनं स्वतःला विचारलं. आशा सोडली आणि शांत झोपली. एका रात्रीतच हिशेब झाला. मला अकरा वर्षं लागली, कारण मी रोज लिहीत होतो आणि रोज चुकीच्या बाजूला लिहीत होतो.

सप्ताह संपला, उद्यापन झालं, प्रसाद झाला. मी लगेच दादांकडे गेलो असेन असं वाटेल तुम्हाला. नाही गेलो. माणसाचा अहंकार पारायणानं लगेच जात नाही, निदान माझा गेला नाही. सात महिने गेले. तेवढ्या काळात वहीची पद्धत मात्र बदलली. रोज रात्री, कितीही कंटाळा आला तरी, एक ओळ माझ्या नावे. सुनेवर उगाच खेकसलो. दूधवाल्याशी दोन रुपयांवरून हुज्जत घातली. पहिले पंधरा दिवस हात जड व्हायचा. हलकं वाटणं तर सोडाच, उलट जास्त वाईट वाटायचं.

पुढं वाचनात आलं की हे सगळ्यांचंच होतं. १९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातलं जुनं दुखणं लिहायला लावलं. लिहून उठल्यावर मुलं जास्तच खिन्न दिसली. पण घडलेलं आणि त्यानं मनाला काय झालं, ही दोन्ही ज्यांनी लिहिली, त्यांना पुढच्या महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी चढावी लागली. तेव्हा सुरुवातीला वाईट वाटलं म्हणून वही फेकू नका. मात्र दुःख इतकं मोठं असेल की झोप-जेवण उडालं आहे, तर नुसत्या वहीवर राहू नका, डॉक्टरकडे जा. त्यात कमीपणा नाही.

आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी काटेवाडीत आली. धोतरांच्या पायघड्या झाल्या, पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण सुरू झालं. गर्दीत बघतो तर दादा माझ्या शेजारीच उभे. काठी टेकून, डोळ्याला चष्मा. म्हातारे झाले होते. मी वळलो आणि पाया पडलो. म्हटलं, "दादा, भांडणाच्या आदल्या साली तुमच्या पाळीचं दोन तास पाणी मी घेतलं होतं. तुम्ही झोपला होता."

दादा मेंढ्यांकडेच बघत म्हणाले, "झोपलो न्हवतो. नुसता पडलो होतो. फावड्याचा आवाज येत होता की."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी लागण नवी होती. जळली असती."

मी विचारलं, मग पुढच्या साली तुम्ही असं का केलं? दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते माझं मी बघीन. चल, चहा घेऊ."

त्यांनी उभ्या जन्मात वही लिहिली नव्हती. सही करण्यापुरतंच अक्षर.

म्हणून लिहिता येत नाही अशा माउल्यांनी वाईट वाटून घेऊ नये. संत बहिणाबाईंनी आपलं आयुष्य अभंगांतून सांगितलं. नवऱ्याचा मार सांगितला, त्याच नवऱ्याचं पुढं मन कसं पालटलं तेही सांगितलं. दोन्ही बाजू ठेवल्या. आणि शेवटच्या दिवसांत आपल्या मागच्या जन्मांची हकिकत मुलाला जवळ बसवून तोंडी सांगितली. रात्री देवापुढं निरांजन लावून दिवसभरातली आपली एक चूक दत्तमहाराजांना हळू आवाजात सांगितली, तरी ती नोंदच आहे.

ज्यांना लिहायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. भारी डायरी नको, नातवाच्या वहीतली उरलेली पानं चालतात. जेवणानंतर, टीव्ही बंद करून, पाच-दहा मिनिटं. तारीख घाला. दुसऱ्याबद्दल लिहायचं असेल तर खुशाल लिहा, राग दाबून ठेवू नका. फक्त त्या खाली एक ओळ आपली टाका: त्या वेळी मी काय केलं. वही घरच्यांच्या हाती पडेल अशी ठेवू नका, नाहीतर आपण त्यांना दाखवण्यासाठी लिहू लागतो. आणि खाडाखोड करू नका. हिशेबात चुकलेला आकडा खोडून काळा करत नाहीत. त्यावर एक रेघ मारायची, आधीचं वाचता आलं पाहिजे, आणि वर बरोबर आकडा लिहून सही करायची.

दादा दोन वर्षांमागे फाल्गुनात गेले. दिवस झाल्यावर एका नातेवाइकानं मला सांगितलं, त्या जुन्या वह्या जाळून टाक, नाहीतर नदीत सोड. मी ठेवल्या आहेत. त्या रात्री ते पान काढलं, आज उसाला पाणी झालं असं लिहिलेलं. त्या ओळीवर एक रेघ मारली आणि वर लाल शाईनं लिहिलं, दादांच्या पाळीचं, दोन तास. खाली सही केली आणि त्या दिवसाची तारीख घातली.

अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त.