निर्णय आणि निकाल

संगणकावर फुटबॉलच्या संघाची व्यवस्था पाहण्याचा एक खेळ आहे. 'फुटबॉल मॅनेजर' या नावाचा खेळ केव्हिन टॉम्स या इंग्रज गृहस्थाने १९८२ साली काढला. पुढे त्याच नावाने प्रसिद्धीस आलेला खेळ निराळ्या मंडळींचा व कितीतरी अधिक विस्तृत आहे. त्यात प्रत्येक खेळाडूचे गुण १ ते २० या अंकांत मांडलेले असतात. ते पाहून अकरा जण निवडावयाचे, बचावाची फळी पुढे न्यावयाची की मागे ठेवावयाची, चेंडू गेल्यावर प्रतिपक्षावर तुटून पडावयाचे की वाट पाहावयाची, हे ठरवावयाचे, आणि मग बाजूस राहून सामना पाहावयाचा. कर्त्या माणसाचे आयुष्यही बहुधा असेच असते. ठरविणे त्याच्याकडे, घडणे दुसऱ्या कोणाकडे.

सुट्टीत एके दिवशी माझा मुलगा हा खेळ खेळत असता मी शेजारी बसलो होतो. त्याचा संघ दुबळा, समोरचा बलाढ्य. मुलाने धाडस करून फळी पुढे नेली आणि संघ तीन गोलांनी हरला. तेव्हा त्याने शांतपणे सामन्यापूर्वी जपून ठेवलेली स्थिती पुन्हा उघडली, फळी मागे घेतली व सामना बरोबरीत सोडविला. "पाहिलंत ना, बाबा? आधीचं चुकलंच होतं," तो म्हणाला. मी म्हटले, "तोच आधीचा व्यूह पुन्हा लावून पाहा बरे." त्याने लावला. या खेपेस त्याच अकरा जणांनी, त्याच व्यूहाने, सामना जिंकला! खेळाच्या रचनेतच दैवाचा अंश घातलेला असतो. मुलगा हसला, मला मात्र हसू आले नाही.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या शस्त्रक्रियेचा निर्णय मी घेतला. डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगितल्या होत्या. बरे होण्याचा संभव अधिक होता, धोकाही होता. धाकटा भाऊ थांबावे म्हणत होता. मी सही केली. चौथ्या दिवशी वडील गेले. तेव्हापासून मी मनातल्या मनात ती सहीपूर्वीची स्थिती उघडीत आलो आहे, आणि दर वेळी वडिलांना वाचवीत आलो आहे.

जग निर्णयाची किंमत निकालावरून करते. १९५४ च्या विश्वचषकात हंगेरीचा कर्णधार पुश्काश पश्चिम जर्मनीविरुद्धच्या गटसामन्यात दुखावला. तो सामना हंगेरीने ८-३ असा जिंकला, व पुढील दोन सामनेही त्याच्याविना जिंकले. बर्न येथील अंतिम सामन्यात, पाय पुरता बरा नसताही, त्यास खेळविण्यात आले. सहाव्या मिनिटास त्याने गोल केला. संघ २-० असा पुढे गेला आणि अखेर ३-२ असा हरला. शेवटच्या मिनिटांत पुश्काशचा आणखी एक गोल ऑफसाइड ठरविण्यात आला. तो मान्य होता तर त्यास खेळविण्याच्या त्याच निर्णयास दूरदृष्टी म्हटले गेले असते. निशाणाच्या एका फडकाऱ्याने शहाणपणाचा मूर्खपणा होतो काय? निर्णय तर सामन्यापूर्वीच पुरा झाला होता.

यावर कोणी म्हणेल, असे मानले तर प्रत्येक अपयशी माणूस दैवाकडे बोट दाखवून मोकळा होईल. आक्षेप रास्त आहे. फळावर आपला अधिकार नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्याचा अर्थ विचार करण्याच्या जबाबदारीतून सुटका, असा खचित नव्हे. उलट, निकाल बाजूस सारला म्हणजे परीक्षा अधिक कठीण होते. जे कळण्यासारखे होते ते विचारले काय? आपली सोय अथवा अहंकार तराजूत पडला काय? विरुद्ध मत मनापासून ऐकले काय? हे तीन प्रश्न विजयी माणसासही चुकत नाहीत. जिंकल्यावर त्यास ते कोणी विचारीत नाही, इतकेच.

मी ते स्वतःस विचारून पाहिले. डॉक्टरांस विचारण्यात मी कसूर केली नव्हती. माझी सोयही मी पाहिली नव्हती. वडिलांच्या मृत्यूचा जो अपराध मी नऊ वर्षे वाहिला, तो माझा नव्हता, असे आज मी म्हणू शकतो. परंतु तिसऱ्या प्रश्नाशी मी अडखळलो. भाऊ बोलू लागला तेव्हा "मी थोरला आहे, मला कळते," असे म्हणून मी त्याचे तोंड बंद केले होते. त्याचे ऐकूनही मी सहीच केली असती. शस्त्रक्रिया यशस्वी झाली असती तरीही हा दोष राहिलाच असता, आणि मला तो कधी दिसलाही नसता.

खेळातली जपून ठेवलेली स्थिती आयुष्यात नसते. वडील परत येणार नाहीत. पण भाऊ याच शहरात राहतो. गेल्या रविवारी मी त्याच्याकडे गेलो आणि त्या दिवशी तो काय सांगू पाहत होता, ते विचारले. तो बराच वेळ बोलला. या खेपेस मी मध्ये बोललो नाही.