कुदळ हातात, चिंता खाली

आषाढ सरत आला की पेणच्या गणपती कारखान्यांतले दिवे रात्री उशिरापर्यंत विझत नाहीत. हमरापूर, जोहे, कळवे, सगळीकडे तीच धांदल. पावसाळी हवेत रंग लवकर सुकत नाही, टेम्पो दारात उभा असतो, मुंबई-पुण्याचे व्यापारी फोनवर फोन करत असतात. एवढ्या गडबडीतही एका कामाला कोणी घाई करत नाही, ते म्हणजे डोळ्यांची आखणी. कारखान्यातला सगळ्यात जाणता हात ते काम करतो. मूर्ती उजेडाकडे वळवून तो बसतो, बारीक ब्रशाचं टोक बोटांवर फिरवून पाहतो, श्वास रोखून एक रेघ ओढतो. मग मान मागे घेऊन ती रेघ नुसती बघतो आणि दुसऱ्या डोळ्याकडे वळतो. त्या वेळी त्याच्याशी कोणी बोलायला जात नाही. हिशेब, हमाली, गिऱ्हाईक यांतलं काहीही त्याच्यापर्यंत पोचू द्यायचं नाही, हे कारखान्यातल्या पोरासोरांनाही कळतं.

हेच दिवस लेखकांच्याही गर्दीचे. दिवाळी अंकांचे संपादक गणपतीआधी मजकूर मागतात. त्याच सुमाराला शाळांचे बक्षीस समारंभ असतात, वाचनालयाची व्याख्यानं असतात, कोणाला कवितासंग्रहासाठी प्रस्तावना हवी असते, कोणाला प्रकाशनाला पाहुणे. लेखकाचं काम बाहेरून दिसत नाही. तो खिडकीशी बसलेला दिसला की माणसं समजतात, बरा सापडला, मोकळाच आहे. आखणी करणाऱ्याला जी शांतता न मागता मिळते, ती लेखकाला मागूनही मिळत नाही. स्वभावानं अबोल असलेल्या लेखकाला तर ती मागताही येत नाही. तो सगळ्यांना हो म्हणतो, सगळीकडे वेळेवर पोचतो, चार माणसांत हसून बोलतो, आणि घरी आला की दोन दिवस त्याला एक ओळ सुचत नाही.

कार्ल युंगनं १९२१ साली अंतर्मुख आणि बहिर्मुख असे स्वभाव मांडले, तेव्हा त्याचा भर लाजाळूपणावर नव्हता. माणसाची ऊर्जा आत वळते की बाहेर, हा त्याचा प्रश्न होता. पार गळून जाण्याची जी अवस्था आज आपण बर्नआउट म्हणून ओळखतो, तिची दखल जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणात घेतली. तिला आजार म्हटलं नाही, कामाच्या ठिकाणी साठत गेलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं. तिची तीन लक्षणं सांगितली: शक्ती संपणं, आपल्याच कामाबद्दल मन विटणं, आणि हातून धड काही होत नाहीसं वाटणं. लेखकाच्या बाबतीत मला मधलं लक्षण सगळ्यात घातक वाटतं. ज्या वाचकासाठी लिहायचं, त्याचंच पत्र फोडावंसं वाटत नाही, तेव्हा पाणी नाकाशी आलेलं असतं.

या सगळ्यावर मला याच मातीतला एक माणूस आठवतो. विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. जन्म ११ सप्टेंबर १८९५. आपण त्यांना भूदानाच्या गर्दीत पाहिलं, म्हणून ते लोकांत रमणारे होते असं वाटतं. मुळात ते एकांताचे भुकेले. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा मुलगा सुरतेला गाडीतून उतरला आणि घरी पत्र टाकून काशीला गेला. लेखक म्हणूनही ते संथ चालीचे. आई रुक्मिणीबाईंना गीता समजेल अशा मराठीत हवी होती. आई १९१८ मध्ये गेली. ‘गीताई’ सुरू झाली ७ ऑक्टोबर १९३० ला आणि पुरी झाली ६ फेब्रुवारी १९३१ ला. सातशे श्लोक, चार महिने, म्हणजे दिवसाला सरासरी सहासुद्धा भरत नाहीत. पण ते रोज होत गेले.

असा जपून चालणारा माणूसही मोडायला आला होता. वर्ध्याजवळच्या नालवाडीत सूतकताईच्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग त्यांनी मांडला होता. तासन् तास कातायचं, त्यातून जे मिळेल त्यात भागवायचं, शिवाय आश्रमाची व्यवस्था, माणसं, त्यांचे प्रश्न. १९३८ साली त्यांचं वजन ८८ पौंडांवर आलं, म्हणजे चाळीस किलो. वय बेचाळीस. गांधीजींच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना उपचारांची, हवापालटाची काळजी पडली. विनोबा म्हणाले, पवनारला जाईन. तिथे धाम नदीच्या काठी जमनालाल बजाजांचा बंगला रिकामा होता. गांधीजींनी मान्य केलं, पण आश्रमाची आणि कामाची सगळी चिंता मागे ठेवून जायचं, अशी अट घातली. मार्चमध्ये मोटार धाम नदीच्या पुलावरून जात असताना विनोबांनी तीनदा म्हटलं, ‘संन्यस्तं मया’. आणि खरोखरच सोडलं.

पुढचा भाग मला फार मोलाचा वाटतो, कारण तो आपल्या विश्रांतीच्या कल्पनेत बसत नाही. पवनारला जाऊन विनोबा पडून राहिले नाहीत. ते शेतात खणू लागले. सुरुवात अगदी काही मिनिटांची, रोज थोडं वाढवत, मध्ये मध्ये थांबत. ज्या देहाला नालवाडीत सूत झेपेनासं झालं होतं, त्याच देहाला इथे कुदळ झेपली, अन्न अंगी लागलं, वजन चढत गेलं. पुढे त्याच आवारात खणताना भरत-राम भेटीचं जुनं शिल्प हाती लागलं. ते आजही पवनारच्या आश्रमात आहे.

श्रम तर वाढले, मग शीण उतरला कसा? मला याचं एकच उत्तर दिसतं. त्या खड्ड्यासाठी कोणी तिष्ठत नव्हतं. खणलं तर खणलं, नाही तर नाही. नालवाडीत प्रत्येक कामाच्या पलीकडे एक वाट पाहणारा माणूस उभा होता. अंतर्मुख माणूस कामानं थकतो त्याहून जास्त त्या वाट पाहणाऱ्यांनी थकतो. तो त्यांना डोक्यात घेऊन हिंडतो. जेवताना, चालताना, अंथरुणावर पडल्यावरही ते आत बसलेले असतात. ज्याला चार लोकांत मोकळं होता येतं, त्याच्या डोक्यातून ती माणसं बोलण्याबरोबर बाहेर पडतात. अबोल माणसाच्या डोक्यात ती मुक्कामालाच येतात.

पेणहून रोह्याला जाणारी गाडी कासू, नागोठणे, निडी करत कुंडलिकेच्या खोऱ्यात उतरते. रोहं म्हणजे चिंतामणराव देशमुखांचं बालपण. जन्म महाडजवळच्या नात्याचा, १४ जानेवारी १८९६. विनोबांहून चार महिन्यांनी धाकटे. आणि दोघं गेलेही १९८२ मध्येच, देशमुख २ ऑक्टोबरला, विनोबा १५ नोव्हेंबरला. एकाच जिल्ह्यातली, एकाच वयाची ही दोन माणसं. एकानं कागदपत्रं जाळून घर सोडलं, दुसरा मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला गेला, आयसीएसमध्ये पहिला आला, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, १९५० ते ५६ देशाचा अर्थमंत्री. मितभाषी, नेमस्त, कामात बुडालेला.

या माणसानं कालिदासाचं ‘मेघदूत’ मराठी पद्यात आणलं. संस्कृतात स्वतःच्या कविता केल्या, गांधीजींची वचनं संस्कृत श्लोकांत बांधली. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकलेल्या देशमुखांना बागेचा नाद आयुष्यभर होता. अंदाजपत्रकं, १९४४ ची ब्रेटन वुड्सची परिषद, फाळणीनंतरचे चलनाचे प्रश्न, यांच्या शेजारी ‘मेघदूता’चं मंदाक्रान्ता वृत्त. लोक म्हणतात, केवढी ही शक्ती! मला वाटतं, ही शक्ती काही प्रमाणात त्या श्लोकांतूनच येत असावी. अर्थखात्याच्या फायलीची सगळा देश वाट पाहत होता. श्लोकाची कोणीच वाट पाहत नव्हतं. तो चुकला तरी रुपयाची किंमत ढळणार नव्हती.

आता लेखकाची अडचण पाहा. देशमुखांना जे काम विसाव्याचं होतं, तेच लेखकाचं रोजचं काम. लिहिणं हा एके काळी त्याचाही विसावा होता. शाळकरी वयात वहीच्या मागच्या पानावर तो जे लिहायचा, त्याची कोणी वाट पाहत नव्हतं. पुस्तक निघालं, नाव झालं, मागणी आली, आणि विसाव्याची जागाच हातची गेली. तिच्या बदली त्यानं दुसरं काही आणलं नाही. म्हणून दमलेल्या लेखकाला मी ‘थोडे दिवस लिहू नका’ असं कधी सांगणार नाही. लिहिणं थांबवून कार्यक्रम चालू ठेवणारे लेखक मी पाहिले आहेत. ते आणखी सुकत जातात. कार्यक्रम थांबवा, आणि कोणी मागितलं नाही असं एक काम हाती घ्या. परसात अळू लावा, पेटी शिका, जुन्या पोथीची नक्कल करा. आणि त्याचा फोटो कोणाला पाठवू नका. पाठवला की दुसऱ्या दिवशी ‘आज काय केलंत?’ असा निरोप येतो, आणि वाट पाहणारा माणूस तिथेही उभा राहतो.

इथे कोणी विचारेल, विनोबांना एकांत एवढा प्रिय, तर मग तेरा वर्षं गर्दीत कसे चालले? १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत पहिली जमीन मिळाली आणि १९६४ पर्यंत पाय थांबले नाहीत. रोज नवं गाव, नवी माणसं, नव्या तक्रारी. मला वाटतं, त्यांना तारलं ते दिनक्रमानं. पहाटे उठणं, उजाडायच्या आत चालायला लागणं, ठरल्या वेळी प्रार्थना, ठरल्या वेळी सभा, रात्री लवकर झोप. गाव बदललं तरी घड्याळ बदललं नाही. लोकांना ठाऊक असे, बाबा केव्हा भेटतील आणि केव्हा नाही. त्यामुळे रोज नव्यानं नकार द्यावा लागत नसे. अबोल माणसाची निम्मी ताकद नकाराची वाक्यं जुळवण्यात जाते. वेळ एकदा बांधली की ती वाक्यं लागतच नाहीत. भूदानाच्या धबडग्यातही त्यांचा अभ्यास सुटला नाही, भाषा शिकणं सुटलं नाही. कुराणातली निवडक वचनं एकत्र करण्याचं काम त्याच वर्षांतलं.

त्यांच्या मौनाची दुसरी बाजूही मला सोडायची नाही. डिसेंबर १९७४ मध्ये विनोबांनी वर्षभराचं मौन घेतलं आणि त्या मौनातच देशावर आणीबाणी आली. त्यांच्याकडून दोन शब्दांची वाट पाहणारे पुष्कळ होते. त्यांनी लिहून दिलेल्या ‘अनुशासनपर्व’ या शब्दाचा सरकारनं हवा तसा वापर करून घेतला, आणि तो डाग लोक अजून विसरलेले नाहीत. स्वतःला जपणाऱ्या लेखकानं हेही मनात ठेवावं. सत्कार नाकारून वाचवलेली ताकद गावातल्या अन्यायावर चार ओळी लिहायच्या वेळी उरली नसेल, तर ती वाचवली कशासाठी?

आणि आणखी एक. विनोबांना संसार नव्हता, देशमुखांच्या हाताखाली माणसं होती. पेणमधली एखादी लेखिका सकाळी डबे भरते, दिवसभर नोकरी करते, संध्याकाळी सासूबाईंची औषधं बघते आणि रात्री अकरानंतर कथेचं पान उघडते. तिला ‘सगळं सोडून पवनार गाठा’ म्हणणं हा निर्दयपणा आहे. तिची वाट पाहणारी माणसं घरातली आहेत, त्यांना पुलावर ठेवता येत नाही. पण तिच्या फोनमधल्या तीन साहित्यिक ग्रुपांना ठेवता येतं. परिसंवादातलं पाचव्या वक्त्याचं स्थान सोडता येतं. ज्या प्रस्तावनेला ती कोणाचं मन दुखवू नये म्हणून हो म्हणाली, ती परत करता येते. आणि घरच्यांना एवढं सांगता येतं की अकरा ते बारा हा तास आखणीचा आहे. पेणच्या घरात त्याचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही.

सभेला जायचं तर जावंच. रोह्याच्या वाचनालयात पाऊस अंगावर घेऊन जमलेली तीस-चाळीस माणसं अबोल लेखकालाही पुष्कळ देतात. पण निमंत्रण आलं तेव्हाच दुसरा दिवस रिकामा ठेवून मग हो म्हणावं. बोलणं झाल्यावर जेवणाचा आग्रह होईल, ‘आता उशीर झाला, राहा की’ असं म्हणतील, आणि ते मनापासूनच असेल. म्हणून तारीख ठरवतानाच सांगून ठेवावं की रात्रीच्या गाडीनं परतायचं आहे. त्या दुसऱ्या दिवशी कोणी पुस्तक प्रकाशनाला बोलावलंच, तर आदल्या संध्याकाळपर्यंत ताटकळत न ठेवता त्याच क्षणी, चांगल्या शब्दांत, नाही म्हणावं. त्यांनाही दुसरा पाहुणा शोधायला वेळ मिळतो.