आवश्यकतेचा रकाना

एखादी गोष्ट कशी करावी हे सांगणाऱ्याने ती करावी की नाही, याचेही उत्तर दिले पाहिजे काय? प्रश्न जुना आहे. शस्त्र घडविणारा लोहार, दस्तऐवज लिहिणारा कारकून, घराचा आराखडा काढणारा स्थपती, या साऱ्यांपुढे तो केव्हा ना केव्हा उभा राहतोच. केंद्र सरकारच्या कचेरीत टिपणे लिहिणाऱ्या आम्हांपुढे तो एका पोहण्याच्या तलावाच्या रूपाने उभा राहावा, ही मात्र दिल्लीची करणी.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास आमचे एक स्नेही घरी आले. कॉलेजात एका बाकावर बसून आम्ही पदार्थविज्ञान शिकलो. पुढे ते व्यापारात गेले आणि आम्ही फायलींत. दक्षिण दिल्लीत त्यांनी बंगला बांधला आणि मागच्या हिरवळीवर आठ मीटर लांब, चार मीटर रुंद व सरासरी दीड मीटर खोल असा तलाव करविला. दिल्लीच्या थंडीत त्या पाण्यात कोणी उतरू शकत नाही, म्हणून ते तापविण्याचा विचार चालला होता. स्नेही म्हणाले, "तुझा हिशेब पक्का असतो. विजेचा साधा हीटर घेऊ, गॅसवर तापवू, की हा उष्णता-पंप म्हणतात तो बसवू? तू सांगशील ते घेतो."

तुलनात्मक तक्ता हा आमच्या कचेरीचा नित्याचा उद्योग. शिवाय पदवीनंतर गंज चढलेली विद्या पुन्हा घासूनपुसून पाहण्याची संधी चालून आली होती. आम्ही उत्साहाने कागद पुढे ओढला.

तलावात 48 घनमीटर पाणी. एक घनमीटर पाणी एका अंशाने तापवावयास सुमारे 1.16 युनिट उष्णता लागते. डिसेंबरात ते 15 अंशांवर आहे आणि 28 अंशांवर न्यावयाचे आहे असे धरले, तर सुमारे 725 युनिट झाले. साध्या हीटरला तेवढीच वीज जाळावी लागेल. उष्णता-पंपाचे तसे नाही. तो उष्णता निर्माण करीत नाही, ती वाहून आणतो. पंखा बाहेरची हवा नळ्यांवरून खेचतो. नळ्यांतील द्रव त्या हवेच्या उष्णतेनेच उकळून वायुरूप होतो. यंत्र त्या वायूला दाबून अधिक तापविते आणि मग ती उष्णता तलावाच्या पाण्यास दिली जाते. आपल्या स्वयंपाकघरातील फ्रिज हेच काम करतो. फक्त त्याला आतली थंडी हवी असते आणि याला बाहेर पडणारी ऊब. दुपारची हवा बरी असताना चालविला, तर विजेच्या एका युनिटात चार युनिट उष्णता तलावात पडते. पहाटेच्या गारठ्यात हे प्रमाण घसरते, नळ्यांवर हिमही धरते. म्हणून तो दुपारीच चालवावा. 725 युनिटांचे काम 180 युनिटांच्या आसपास उरकते. औष्णिक वीज केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी सुमारे तिसरा हिस्साच विजेच्या रूपाने बाहेर पडतो हे लक्षात घेतले, म्हणजे त्या विजेने सरळ पाणी तापविणे हा केवढा अपव्यय आहे हे वेगळे सांगावयास नको.

या कल्पनेचा इतिहासही आम्ही स्नेह्यांना ऐकविला. कार्नोने 1824 साली उष्णतेच्या यंत्रांचा सिद्धान्त मांडला. तेच चक्र उलटे फिरवून इमारती उबदार ठेवता येतील, असे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्धीस आलेल्या विल्यम टॉमसनने 1852 साली दाखवून दिले. महायुद्धामुळे कोळशाची टंचाई झालेल्या स्वित्झर्लंडमध्ये झूरिक शहरातील सार्वजनिक पोहण्याचा तलाव 1941 साली याच युक्तीने तापविला जाऊ लागला. स्नेही प्रसन्न झाले. आम्ही तर त्यांच्याहून प्रसन्न झालो.

तक्त्याखाली आम्ही आणखी एक सूचना लिहिली होती: यंत्राच्या आधी तलावावर आच्छादन घ्यावे. उघड्या तलावाची बहुतेक उष्णता वाफेच्या वाटेने जाते. एक साधी चादर रात्री पाण्यावर पसरली, तर निम्म्याहून अधिक खर्च वाचू शकतो. स्नेह्यांना ही सूचना रुचली नाही. "दिवाणखान्यातून पाणी दिसले पाहिजे रे," ते म्हणाले. "वर प्लॅस्टिक घातले की शोभा जाते." त्या क्षणी आमची लेखणी किंचित थबकली. पाणी पोहण्यासाठी तापवावयाचे होते की पाहण्यासाठी? पण आम्हांस विचारले होते ते एवढेच, की कोणते यंत्र घ्यावे. आम्ही उत्तर लिहिले आणि सही केली.

पुढे महिन्याभराने कळले की, यंत्र बसले. आधी त्यांचा बेत दिवाळीनंतर तलाव बंद ठेवून होळीला उघडण्याचा होता. खर्च चौथाईवर आला असे ऐकल्यावर तो बेत बदलला. आता तलाव सारा हिवाळा तापणार होता, आणि 28 ऐवजी 30 अंशांवर. इंग्लंडातील जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 1865 सालीच कोळशावरील आपल्या ग्रंथात इशारा दिला होता की, वाफेचे यंत्र कमी कोळसा खाऊ लागले म्हणजे देशाचा कोळसा वाचेल असे नव्हे. उलट यंत्रे वाढून कोळसा अधिकच खपेल. तो नियम एका हिरवळीवर आमच्याच अक्षरात सिद्ध झाला होता. रात्रीतून पाणी एक अंशाने निवले, तरी ते पूर्ववत करण्यास पंपालाही दररोज 14 युनिट वीज हवी. महिन्याचे 420 युनिट झाले. दिल्लीत 2019 च्या ऑगस्टात महिना 200 युनिटपर्यंत वीज वापरणाऱ्या घरांचे बिल माफ झाले, तेव्हा आमच्या वसाहतीत पेढे वाटावयाचे तेवढे राहिले होते. एका कुटुंबाच्या गरजेची सरकारने आखलेली ती रेषा, आणि त्या रेषेच्या दुपटीहून अधिक वीज केवळ एक अंश राखण्यासाठी.

हे सारे मनात घोळत असता कचेरीत एक जुनी फाईल हाती आली. सरकारी खरेदीत तुलनात्मक तक्त्याच्या आधी एक कागद लागतो. ज्या शाखेला वस्तू हवी, तिने त्या वस्तूची आवश्यकता प्रमाणित करावयाची असते. तो रकाना कोरा असेल, तर सर्वांत स्वस्त निविदाही मंजूर होत नाही. आम्ही स्वतः अशी कितीतरी प्रकरणे परत पाठविली आहेत. पंख्यांच्या खरेदीत आम्ही जे विचारतो, ते स्नेह्याला विचारले नव्हते. आमचा तक्ता अचूक होता. आवश्यकतेचा रकाना मात्र त्यात नव्हताच, आणि आमच्या मौनाला त्यांनी मंजुरी मानले होते.

यावर स्नेह्यांचा जो युक्तिवाद असेल तो आम्हांस ठाऊक आहे. पैसा त्यांचा, वीज ते पुऱ्या दराने घेतात, आणि तीही चौथाई. मग इतरांनी का बोलावे? सामान्य वित्तीय नियमांत, 2017 च्या आवृत्तीतही, असे तत्त्व आहे की, शहाणा मनुष्य स्वतःचा पैसा जितक्या काळजीने खर्च करतो, तितक्याच काळजीने अधिकाऱ्याने सार्वजनिक पैसा खर्च करावा. हे तत्त्व आम्ही वर्षानुवर्षे वाचीत आलो. ते उलटे करून पाहण्याची बुद्धी मात्र या तलावामुळे झाली. ज्या वस्तूची किंमत आपण देतो, पण जिचा भार दुसरा वाहतो, ती वस्तू विकत घेताना स्वतःचा पैसाही सार्वजनिक पैशासारखा खर्च करावयास नको काय? बदरपूरचे केंद्र 2018 साली बंद झाल्यापासून दिल्लीच्या हद्दीत विजेसाठी कोळसा जळत नाही. तो सिंगरौलीसारख्या ठिकाणी जळतो. रिहंद धरणासाठी 1960 च्या सुमारास उठलेल्या तिथल्या काही कुटुंबांना पुढे खाणी व वीज केंद्रांसाठी पुन्हा उठावे लागले. बिलात त्यांचा रकाना नसतो.

तथापि, येथे लेखणीला आवर घालणे प्राप्त आहे. आमच्या निषेधात मत्सराचा अंश किती, हे आम्ही प्रामाणिकपणे तपासले पाहिजे. आमच्या सरकारी घरात पंधरा लिटरचा गीझर आहे, उन्हाळ्यात कूलर रात्रभर घरघरतो. पलीकडच्या झोपडवस्तीत टँकरपुढे डबे मांडून बसणाऱ्या बाईला आमचा गीझर आणि स्नेह्यांचा तलाव यांत फारसा भेद दिसणार नाही. शिवाय एक गोष्ट आम्हांस मागाहून कळली. स्नेह्यांच्या मातोश्रींचे गुडघे संधिवाताने धरले आहेत. छातीइतक्या पाण्यात उभे राहिले, म्हणजे शरीराचा बहुतेक भार पाणी उचलते. जमिनीवर चार पावले न टाकू शकणारे माणूस कोमट पाण्यात चालू शकते. डॉक्टरांनी त्यांना तेच सांगितले होते. म्हणजे रकाना कोरा नव्हता. आम्ही विचारलेच नव्हते, म्हणून तो आम्हांस कोरा दिसला.

डिसेंबरातील एका रविवारी स्नेह्यांनी आम्हां सर्वांस बोलाविले. मुले पाण्यात शिरली ती बाहेर येईनात. आम्हीही उतरलो, आणि कबूल करतो की, त्या उबेत शिरताच आमच्या देहाला कोणताही नैतिक प्रश्न पडला नाही. काकू कठड्याला धरून हळूहळू चालत होत्या. चालता चालता त्या म्हणाल्या, "बरे वाटते रे. पण मला अर्धा तास पुरतो. दिवसरात्र एवढे पाणी कुणासाठी तापवता? आमच्या वाईच्या घरी एक बंब अकरा माणसांना पुरायचा. ज्याने ऊन पाण्याची बादली काढली, त्याने गार पाण्याची ओतायची आणि दोन ढलप्या सारायच्या, मगच न्हाणीत जायचे. विसरला की सासूबाई दारातून परत पाठवायच्या."

काकूंनी हे उपदेश म्हणून सांगितले नव्हते. जुनी आठवण निघाली एवढेच. परंतु आम्ही इतके दिवस जे शोधीत होतो, ते त्या आठवणीत होते. बंबाच्या घरात ऊन पाणी घेणे हा दोष नव्हता; दोष होता तो पुढच्या माणसाचा विचार न करता घेण्याचा. कमी जळण लागणारा बंब कोणी आणला असता, तर सासूबाईंनी त्याचे स्वागतच केले असते. पण म्हणून बादली ओतण्याचा नियम त्यांनी रद्द केला नसता. यंत्राची काटकसर आणि माणसाचा संयम या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिली दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

त्या संध्याकाळी निघताना आम्ही स्नेह्यांना म्हटले, "तो तक्ता मी अर्धाच दिला होता. उरलेला आज देतो." आच्छादन घ्यावे, पाणी दिसो वा न दिसो. काकू उतरतील तेवढेच महिने आणि तेवढेच दिवस यंत्र चालवावे. आणि ते चालेल त्या दिवशी, जिला असे पाणी विकत घेता येणार नाही अशी ओळखीतील एखादी गुडघेदुखीची म्हातारी सोबत बोलवावी. काकूंनाही बोलावयास कोणी मिळेल. स्नेही थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे तू दसऱ्यालाच का नाही सांगितलेस?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. आम्हांस कोणी विचारले नव्हते, हे उत्तर ओठांवर आले होते. पण ते त्या घरात, काकूंच्या समोर, आमच्याने देववले नाही. आच्छादन पौषात आले. पुढचे त्यांच्या हाती आहे. आम्ही मात्र आता कोणी हिशेब मागावयास आला, म्हणजे कागदाच्या डाव्या कडेला एक रकाना आधी आखून घेतो, आणि तो भरल्याखेरीज पुढे जात नाही.