वेग थांबलेली वैनगंगा : पावित्र्य कोणी राखावे?

भंडारा जिल्ह्याची जीवनदायिनी वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात मुंडारा या गावी उगम पावते. बालाघाट व गोंदिया जिल्ह्यांतून ती भंडाऱ्यात येते. पुढे गडचिरोली जिल्ह्यात वर्धा नदीशी संगम होऊन ती प्राणहिता या नावाने ओळखली जाते आणि सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. भंडाऱ्याच्या घाटावर भाविकाने घेतलेली ओंजळ अखेर गोदामाईचीच असते.

या नदीकाठी श्रीक्षेत्रांची वाण नाही. आंभोरा येथे वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा व कोलारी या पाच नद्यांचा संगम असून तेथे श्रीचैतन्येश्वराचे स्थान आहे. मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये, म्हणजे इ. स. 1188 मध्ये, विवेकसिंधू हा ग्रंथ येथेच रचला, अशी परंपरा आहे. मराठवाड्यातील अंबाजोगाईही हा मान आपल्याकडे घेते; हा वाद विद्वानांनी मिटवावा, भाविकाला दोन्ही ठिकाणे वंदनीयच आहेत. पवनी तर त्याहून प्राचीन. तेथील उत्खननात सापडलेले बौद्ध स्तूपांचे अवशेष साक्ष देतात, की या तीरावर माणूस दोन हजार वर्षांहून अधिक काळ श्रद्धेने येत आहे.

परंतु श्रद्धेने येणाऱ्याने नदीला काय द्यावे? सामान्यतः भाविक नदीकडे घेण्यासाठी येतो. स्नानाने पापक्षालन व्हावे, अस्थी प्रवाही होऊन पूर्वजांना गती मिळावी, सोडलेला दिवा देवापर्यंत पोहोचावा, ही त्याची इच्छा असते. तिच्यामागे एक गृहीत आहे : नदी सर्व काही वाहून नेते आणि तरी पवित्रच राहते. हे गृहीत निराधार नाही. मनुस्मृतीनेही नदीची शुद्धी तिच्या वेगाशी जोडली आहे. मात्र त्याच स्मृतीने पाण्यात मलमूत्र व थुंकी टाकण्यास मनाई केली आहे, याचा विसर पडतो. वाहत्या नदीच्या काळातही ही मनाई होती. आज तर तो वेगच राहिलेला नाही.

पवनी तालुक्यातील गोसेखुर्द येथे 1988 मध्ये धरणाची पायाभरणी झाली. 2,50,800 हेक्टर सिंचनाचे उद्दिष्ट असलेल्या या प्रकल्पासाठी भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावांनी आपली घरे, शेते आणि देवळे पाण्याखाली जाऊ दिली. त्यांनी हे दिले, की त्यांच्याकडून घेतले गेले? दानात स्वेच्छा लागते. धानाच्या बांधीला पाणी मिळणे हे पुण्यकर्मच. पण ज्यांच्या त्यागावर ते उभे आहे, त्यांचा उल्लेख त्या पुण्याच्या हिशेबात क्वचितच होतो.

धरणामुळे आंभोऱ्याचा संगम आता एक विस्तीर्ण जलाशय झाला आहे. नागपूर शहराचे सांडपाणी नागनदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून याच पाण्यात येऊन मिळते. पूर्वी जे पुढे गेले असते, ते येथे थांबते, साचते, आणि त्यावर जलपर्णी पसरते. या परिस्थितीत नदी स्वतःच स्वतःला शुद्ध करील असे म्हणणे ही श्रद्धा नव्हे, ती सोय आहे.

पावित्र्य आणि स्वच्छता या दोन गोष्टी भाविकाच्या मनात वेगळ्या असू शकतात. तीर्थ गढूळ असले तरी तो डोळे मिटून आचमन करतो. नदीतील माशाला मात्र तसे करता येत नाही. ढिवर समाजाची उपजीविका पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यातील माशांवर चालत आली आहे. प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या माशांची वाट भिंतीने अडविली, आणि उरलेल्यांची वाट घाणीने. भंडारा-गोंदियाच्या तलावांत व धानशेतांत वावरणारे सारस पक्षी भंडारा जिल्ह्यात आता बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. नदीच्या पूर्वेला नागझिरा व कोका आणि पश्चिमेला उमरेड-पवनी-कऱ्हांडला ही अभयारण्ये आहेत. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ नावाचा वाघ 2013 मध्ये वैनगंगेचे खोरे ओलांडून कऱ्हांडल्यास पोहोचला. 2016 मध्ये तो दिसेनासा झाला. त्याला काठ, झाडी आणि पाणी एवढेच हवे होते. या जीवांचे नदीशी असलेले नाते कोणत्याही विधीवाचून पूर्ण आहे. म्हणूनच भाविकाच्या विधीमुळे त्यांचे पाणी बिघडले, तर तो विधी कोणाला पोहोचला, हे विचारणे भाग पडते.

निर्माल्य या शब्दातच निर्मळपणा आहे. देवावरून उतरलेले फूल केरात जाऊ नये म्हणून ते पाण्यात सोडण्याची रीत पडली. तेव्हा फूल म्हणजे फूल आणि द्रोण म्हणजे पळसाचे पान असे. आता त्यांच्याबरोबर प्लॅस्टिकची पिशवी, थर्माकोलची वाटी आणि तसबिरीची काचही येते. कार्तिकातल्या दीपदानाला जलाशयाच्या काठी बसलेल्या भाविकास एक गोष्ट सहज दिसते. सोडलेला दिवा पूर्वीप्रमाणे वळणापलीकडे जात नाही. तो थोडा आत सरकतो, तेथेच घुटमळतो, आणि वारा फिरला की तोच द्रोण पुन्हा सोडणाऱ्याच्या पायरीला येऊन लागतो.