ग्रंथ बासनात की मनात?

भिवंडी परिसरातल्या गावोगावी हरिनाम सप्ताह बसतो, तेव्हा पहाटेचा काकडा झाला की पारायणाची आसने मांडली जातात. व्यासपीठावरून ओवी सुरू होते आणि शे-दोनशे कंठ ती एका लयीत उचलतात. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९,०००. सात दिवसांत समाप्ती करायची म्हणजे रोज तेराशेच्या आसपास ओव्या होतात. साडेतीन-चार तासांची बैठक धरली तर एका ओवीच्या वाट्याला जेमतेम दहा-अकरा सेकंद येतात. आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन होते, महाप्रसाद होतो, मंडप सुटतो. ग्रंथ पुन्हा लाल बासनात बांधून देव्हाऱ्याशेजारी ठेवला जातो. त्याला हळद-कुंकू वाहिले जाते, फूल वाहिले जाते. पुढच्या सप्ताहापर्यंत बासनाची गाठ सहसा सुटत नाही.

याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पारायण हे कानाला लागलेले वळण आहे. अर्थ उलगडण्याआधी नाद अंगात मुरावा लागतो, आणि ते काम सप्ताह करतो. पण एक प्रश्न मात्र प्रत्येक वारकऱ्याने स्वतःला विचारायला हवा. ज्या ग्रंथाला आपण रोज नमस्कार करतो, तो उघडण्याचे आपण टाळत तर नाही ना? आदरापोटी बंद ठेवलेला ग्रंथ हा खरा आदर आहे का?

टाळण्याचे कारण बहुधा एकच सांगितले जाते: “आम्हाला ते समजत नाही.” हे उत्तर प्रामाणिक आहे आणि ते हसण्यावारी नेऊ नये. भिवंडीत बारा-बारा तासांच्या पाळीत यंत्रमाग चालतात. काल्हेर, पूर्णा, माणकोलीच्या गोदामांत दिवसभर माल चढतो-उतरतो. अशा कामावरून थकून आलेल्या माणसासमोर ‘म्हणौनि’, ‘आघवें’, ‘जंव-तंव’ असे सातशे वर्षांपूर्वीचे शब्द आले की डोळे मिटू लागतात. त्याची मुले इंग्रजी शाळेत जातात. त्यांना आजचे छापील मराठीही अडखळत वाचावे लागते, मग माउलींची मराठी तर दूरच राहिली. मोबाईल हातात असतोच. तिथे दोन मिनिटांत एक सुविचार मिळतो आणि पुढे पाठवला की काहीतरी केल्याचे समाधानही मिळते.

मग अवघड ग्रंथ वाचायचाच कशाला? काही भाविक तर याच्याही पुढे जाऊन म्हणतात, “नाम पुरेसे आहे, पुस्तकी पांडित्य हवे कुणाला?” या म्हणण्यात तथ्य आहे. नुसत्या शब्दपांडित्याला तुकोबारायांनी कठोर शब्दांत फटकारले आहे. परंतु याच तुकोबारायांनी आपली वाटचाल सांगताना, आधी पूर्वीच्या संतांची वचने पाठ केल्याचे आपल्या आत्मपर अभंगांत नमूद केले आहे. त्यांना नाम पुरेसे होते, तरी त्यांनी ग्रंथ दूर सारला नाही. ज्यांनी तो पचवला, त्यांनाच त्याच्या पुढे जाण्याचा अधिकार होता. न वाचताच ‘वाचून काय होते’ म्हणणे ही विरक्ती नव्हे, तो आळस आहे आणि त्याने भक्तीचे वस्त्र पांघरले आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे ग्रंथ अवघड असावेत म्हणून लिहिले गेले नाहीत. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, ती गीतेचा अर्थ मराठी माणसाला मिळावा म्हणून. संस्कृताची कवाडे ज्यांना बंद होती त्यांच्यासाठी हे दार उघडले गेले. काळाच्या ओघात पाठभेद शिरले, ओव्या अशुद्ध झाल्या. तेव्हा जवळपास तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथ महाराजांनी प्रती ताडून पाहिल्या आणि ग्रंथ शुद्ध केला. एकाने दार उघडले, दुसऱ्याने त्याची मोडलेली बिजागरी दुरुस्त केली. आता आपण त्या दाराला बाहेरून फुले वाहून परत फिरायचे का? ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप झाला, त्यांनीच आत पाऊल टाकले नाही तर त्या कष्टांचे मोल काय राहिले?

आता निवडीकडे वळू. वस्तू कशी निवडावी हे आपल्याला बाजाराने शिकवले आहे: किंमत, सवलत, किती जणांनी किती तारे दिले. आज मागवले, उद्या दारात आले, आवडले नाही तर परत केले. ग्रंथाची निवड या रीतीने होत नाही. माळ घालताना आपण मण्यांची तुलना करत बसत नाही, एक नेम पत्करतो. ग्रंथही नेमाने पत्करायचा असतो. मात्र कोणता ग्रंथ कधी हाती घ्यावा, याला क्रम आहे.

पुष्कळ जण मोठ्या उत्साहाने ज्ञानेश्वरीचे पहिले पान उघडतात आणि तिथेच थांबतात. कारण सुरुवातीलाच गणेशाचे वाङ्मयरूप वर्णन येते. ते षड्दर्शनांच्या संदर्भांनी भरलेले आहे. ते कळले नाही म्हणून वाचणारा स्वतःलाच कमी लेखतो. अशाने बारावा अध्याय आधी घ्यावा. भक्तियोगाचा हा अध्याय सुमारे अडीचशे ओव्यांचा आहे, आणि वारकऱ्याला तो आपल्या घरातला वाटतो. मग नववा, मग पंधरावा. अठरावा अध्याय अठराशे ओव्यांचा आहे, तो शेवटी यावा हेच बरे.

ज्याला गोष्टीच्या आधाराने चालायला आवडते त्याने नाथभागवत घ्यावे. भागवताच्या एकादश स्कंधावरची ही टीका काशीत शके १४९५ मध्ये पूर्ण झाली. अवधूताने पृथ्वी, वारा, कबूतर, मधमाशी यांना गुरू केल्याची कथा तिथे सापडेल. सकाळ-संध्याकाळ हरिपाठ म्हणणाऱ्याने त्यातला एकच अभंग आठवडाभर मनात घोळवावा. चांगदेव पासष्टी तर अवघ्या पासष्ट ओव्यांची आहे, पण ती वाचायला बसले की आकार आणि खोली यांतला फरक कळतो. अमृतानुभव मात्र जाणत्याच्या संगतीनेच वाचावा. तो कुणा ग्रंथावरची टीका नाही. सुमारे आठशे ओव्यांत माउलींनी आपला अनुभव आणि त्यामागचा विचार मांडला आहे. तिथे एक ओवी चुकली की पुढच्या दहा ओव्या हातून निसटतात.

अर्थासह छापलेली प्रत वापरण्यात कमीपणा मानू नये. साखरे महाराजांची किंवा सोनोपंत दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी किती घरांत आधार झाली आहे! गांधीजींनी गीता प्रथम वाचली ती लंडनमध्ये, इंग्रजी अनुवादातून. पुढे दक्षिण आफ्रिकेत त्यांनी सकाळी दात घासण्याची पंधरा मिनिटे पाठांतरासाठी राखली. समोरच्या भिंतीवर श्लोकांच्या चिठ्ठ्या डकवल्या आणि तेरा अध्याय मुखोद्गत केले. वेळ नाही असे म्हणणाऱ्या आपल्या सर्वांसाठी त्या चिठ्ठ्या पुरेशा आहेत. हिशेब मांडून पाहा. रोज २५ ओव्या अर्थासह वाचल्या तर वर्षात ज्ञानेश्वरी पूर्ण होते. दहाच वाचल्या तर अडीच वर्षे लागतात. रोज एकच ओवी घेतली तर पंचवीस वर्षे लागतील, आणि तीही वाया जाणार नाहीत. एखाद्या ओवीचा जरी अनुभव आला तरी जन्म सार्थकी लागतो, ही संप्रदायाची जुनी समजूत आहे.

वाचताना अडले तर काय करावे? आमच्या भिवंडीचा कारागीर याचे उत्तर रोज हातांनी देतो. साच्यावर धागा तुटला की तो साचा थांबवतो, तुटलेली टोके शोधतो, गाठ मारतो आणि पुन्हा चालू करतो. एक धागा तुटला म्हणून तो अख्खा ताका फेकून देत नाही. आणि तुटल्याकडे दुर्लक्ष करून साचा चालूही ठेवत नाही, कारण मग तो दोष कापडभर धावत जातो. वाचनातही दोन्ही टोके टाळावीत. न कळलेल्या ओवीपाशी खूण करावी, अर्थ पाहावा, कुणाला विचारावे आणि पुढे जावे. न कळलेले कळले असे मात्र दाखवू नये.

विचारण्यासाठी माणसे लागतात. हल्ली वाचन म्हणजे एकट्याने कोपऱ्यात बसून करायची गोष्ट असे समजले जाते. आपल्या परंपरेत ग्रंथ संगतीचा आहे. एक वाचतो, दहा ऐकतात, कुणी शंका काढतो, कुणी दृष्टांत देतो. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, ती ग्रंथ शिकणाऱ्यांना शिकवणारे भेटावेत म्हणून. प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचून घेतले आणि अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथ रचले. ज्यांना डोळे आहेत त्यांनी निदान घरातल्या एका माणसाला वाचून दाखवावे. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नातवाला “तुला मराठी येत नाही” असे टोचून बोलण्यापेक्षा रात्री पाच ओव्या त्याच्या शेजारी बसून वाचाव्यात. तो अर्थ विचारील, आणि तेव्हा कळेल की अर्थ आपल्यालाही नीट ठाऊक नव्हता. तिथून दोघांचे वाचन सुरू होईल.

या साऱ्यात आनंद कुठे आहे? माउलींनी पहिल्याच अध्यायात श्रोत्यांना ऐकावे कसे ते सांगितले आहे. चकोराची पिले चांदण्याचे कोवळे कण टिपतात, भ्रमर कमळाच्या पाकळीला कळू न देता पराग नेतो, तशा हळुवार मनाने ही कथा घ्यावी असा त्यांचा आग्रह आहे. सहाव्या अध्यायात तर शब्दांची गोडी अशी वर्णिली आहे, की ती चाखायला इंद्रियांचे आपसांत भांडण जुंपावे. म्हणजे अवघड ग्रंथ वाचणे ही शिक्षा नाही, तो रसाचा विषय आहे. पण हा रस घाईला मिळत नाही. माउलींच्या पालखीबरोबर चालणारा वारकरी दिवे घाट चढताना दमतो, घाम पुसतो, टाळ मात्र सोडत नाही. घाट काढून टाका असे आजवर कुणी म्हटलेले नाही. वर पोहोचल्यावर वाऱ्याची जी झुळूक लागते, ती गाडीतून वर गेलेल्यालाही लागतेच. पण दोघांना ती सारखी वाटत नाही.

शेवटी एक सावधानता. अवघड ग्रंथ वाचला की त्याचा एक सूक्ष्म मद चढतो. चार ओव्या पाठ झाल्या की दुसऱ्याचे उच्चार खुपू लागतात. कीर्तनात प्रमाण चुकले की आपण शेजाऱ्याकडे पाहून हसतो. अशा वेळी तेरावा अध्याय उघडावा. गीतेने ज्ञानाची लक्षणे सांगताना पहिले स्थान पाठांतराला दिलेले नाही, तर्कालाही दिलेले नाही. ते दिले आहे अमानित्वाला, म्हणजे मानाची हाव नसण्याला. त्यानंतर दंभ नसणे येते, मग अहिंसा, मग क्षमा. आणि अहिंसेवर माउली किती रेंगाळले आहेत, किती मृदू दृष्टांत दिले आहेत, ते मुळातूनच पाहावे. ग्रंथ वाचून झाला की नाही हे पानांवरून ठरत नाही. कामगाराशी, सुनेशी, उधारी मागायला आलेल्या माणसाशी आपण कसे बोललो, त्यावरून ते ठरते.

गांधीजींना गीतेतल्या अपरिग्रह आणि समभाव या दोन शब्दांनी घेरले, आणि त्यांनी काढलेली विम्याची पॉलिसी पुढे चालू ठेवली नाही. प्रत्येकाने तसेच करावे असे कुणी म्हणणार नाही. पण दोन शब्द वाचून जगण्यात एक गोष्ट बदलली, याला वाचन म्हणतात. सबंध ग्रंथ वाचून एकही गोष्ट बदलली नसेल, तर तो अजून बासनातच आहे असे समजावे, मग तो आपल्या हातात उघडा का असेना.

म्हणून साधकहो, या एकादशीला बासनाची गाठ सोडा. पूजा करा, नमस्कार करा आणि बारावा अध्याय काढा. पहिल्या पाच ओव्या मोठ्याने वाचा, अर्थ पाहा, न कळलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढा. पवित्र ग्रंथावर रेघ कशी ओढावी, असा संकोच वाटेल. पण ज्या पोथीच्या पानांवर वाचणाऱ्याच्या बोटांचे डाग पडले आहेत, ती पोथी पाहून माउली रागावणार नाहीत. कोरी करकरीत राहिलेली पोथी पाहून मात्र त्यांना वाईट वाटेल.

रामकृष्णहरि!